घरोघरी मातीच्या चुली : जुन्या चुलीपासून निर्धूर चुलीपर्यंत

देवाच्या उत्सवात गावाला जे आवतण जाते, त्याला जुनी माणसे ‘चूलबंद आवतण’ म्हणत. त्या दिवशी घरातील एकानेही मागे राहावयाचे नाही, घरची चूल पेटवावयाची नाही, लहानथोरांनी देवाच्या पंगतीला यावयाचे, असा त्याचा अर्थ. त्या एका दिवशी गावातल्या सगळ्या चुलींचे काम देवळामागचे एकच चुलाण करीत असते. जमिनीत खणलेला लांब चर, दोन्ही बाजूंना मोठे दगड, वर भाताचे हंडे आणि आमटीची पातेली, आणि तोंडाशी ओंडके सरकविणारे दोनचार घामाघूम गडी, हे चित्र कोकणपट्टीत सर्वत्र सारखेच. जीर्णोद्धाराच्या वेळी गाभाऱ्याचा, शिखराचा, सभामंडपाच्या फरशीचा विचार पुष्कळ होतो आणि तो व्हावयास हवाच; परंतु ज्या चुलीवर देवाचा नैवेद्य शिजतो तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तो इतिहास मोठा आहे, आणि त्यातील महत्त्वाची पाने महाराष्ट्रातच लिहिली गेली आहेत.

चूल ही आपल्याकडे केवळ अन्न शिजविण्याची जागा नव्हे. भाऊ वेगळे झाले म्हणजे ‘चुली वेगळ्या झाल्या’ असे म्हणतात; जमिनीची वाटणी मागाहून होते, चुलीची आधी. पहाटे चुलीवर पोतेरे फिरविल्याखेरीज विस्तव घालावयाचा नाही, हा कित्येक घरांतला नेम. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तेथील सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांतून चुली सापडल्या. घराची भिंत पडली, छप्पर गेले, माणसे कोठे गेली ते कळत नाही, पण भाजलेली माती तेवढी राहिली. तीन बाजूंनी मातीचा कठडा, एका बाजूला तोंड, हा चुलीचा घाट पुढे इतकी शतके फारसा बदलला नाही. पुढच्या लोकांनी शेजारी वैल जोडला, म्हणजे मुख्य चुलीची उरलेली धग जाऊन दुसऱ्या भांड्याखाली लागते. ही सुधारणा कोणा अज्ञात गृहिणीची असली पाहिजे.

चिंचोटी हे तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याचे गाव. भगवान परशुरामांनी तुंग नावाच्या असुराला मारून येथे तप केले, अशी आख्यायिका सांगतात. पावसाळ्यात चिंचोटीचा धबधबा पाहण्यास मुंबईची माणसे येतात, आणि पलीकडून मुंबई-अहमदाबाद महामार्ग अहोरात्र वाहत असतो. परंतु महामार्ग आणि सहली या अलीकडच्या गोष्टी. त्यापूर्वी पिढ्यानपिढ्या या डोंगराचे गावाशी नाते होते ते देवाचे आणि सरपणाचे. वसईच्या समुद्राकडील भागात नारळाच्या झावळ्या, सोडणे, बागेतली काटकी यांवर चूल भागे. पूर्वेकडील डोंगराळ भागात मात्र डोंगरातली फाटीच लागत. वारली, मल्हार कोळी, कातकरी बायका डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरत आहेत, हे दृश्य वसई-भिवंडीकडच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. पावसाचे चार महिने भागावेत म्हणून उन्हाळ्यातच फाटी फोडून पडवीत वा माळ्यावर रचून ठेवावी लागे. श्रावणात ओले लाकूड चुलीत घालून फुंकणीने फुंकणारी आई, आणि धुराने चुरचुरणारे तिचे डोळे, ही आठवण तर घराघरातील. पुढे २००३ मध्ये तुंगारेश्वरचा सुमारे ८५ चौरस किलोमीटरचा मुलूख अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि डोंगरातील लाकडाला कायद्याचे कुंपण आले. कुंपण आवश्यक होते यात शंका नाही. पण कुंपण घातल्याने भूक कमी होत नाही, आणि जुनी चूल लाकूड किती खाते याचा हिशेब त्यामुळे अधिकच निकडीचा झाला.

हा हिशेब समजण्यासारखा आहे. हवेत चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात ढोबळ मानाने ३५०० किलोकॅलरी उष्णता असते. साध्या उघड्या चुलीत त्यातील शंभरातला सुमारे दहावा भाग भांड्यात जातो, म्हणजे ३५० किलोकॅलरी. तेवढ्यात साडेचार लिटर पाणी जेमतेम उकळते. उरलेले नव्वद भाग कोठे जातात? काही वाऱ्यावर, काही चुलीच्या मातीत, काही भांड्याच्या बाजूने वर. आणि एक मोठा वाटा धुरातून. लाकूड पेटते म्हणजे आधी त्यातून वायू सुटतात, आणि ज्वाला दिसते ती त्या वायूंची. लाकडाच्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग असा वायुरूपाने जळतो, उरलेला निखारा होऊन. वायू सुटण्याच्या जागी पुरेशी हवा आणि पुरेशी धग नसेल तर ते न जळताच निघून जातात, तोच धूर. तेव्हा धूर म्हणजे फुकट गेलेले सरपण होय. चुलीच्या तळाशी जाळी बसवून खालून हवा दिली, ज्वालेभोवती भिंती बंदिस्त ठेवल्या, भांडे नीट बसेल असे तोंड केले आणि धूर धुराड्यातून बाहेर काढला, तर तेच प्रमाण दहावरून विसावर नेता येते. विसावर नेले म्हणजे त्याच एका किलोत नऊ लिटर पाणी उकळते, किंवा दुसऱ्या शब्दांत, डोंगरावरून दोन मोळ्या आणाव्या लागत तेथे एकच आणावी लागते. सुधारित चुलीची सगळी विद्या एवढीच आहे. ती अमलात आणणे मात्र फार कठीण गेले.

धुराचा दुसरा हिशेब शरीराचा. दिल्लीतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांना १९५० च्या दशकात असे आढळले की, फुप्फुसाच्या विकारामुळे हृदय निकामी होण्याचा जो आजार इतर देशांत विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत दिसतो, तो येथे कधीही विडी न ओढलेल्या बायकांत मोठ्या प्रमाणावर दिसतो. १९५९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि स्वयंपाकघरातील धुराकडे बोट दाखविले. पुढे कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणीची लहान यंत्रे बांधून धूर मोजला. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या श्वासात एका घनमीटर हवेमागे सरासरी सुमारे सात मिलिग्रॅम कण जात होते. शहराच्या हवेविषयी जे नियम त्या काळी होते, त्यांच्या तुलनेत हा आकडा इतका मोठा होता की, तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावरच चुलीचा धूर हा जगाच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून मोजला जाऊ लागला. आपल्या आयाबहिणी हे पूर्वापार जाणून होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते एवढेच.

महाराष्ट्रात चुलीचा शास्त्रशुद्ध विचार प्रथम वर्ध्यास झाला. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने तेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनलाल गांधी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मगनवाडीत, संघाचे काम चाले, आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. स्वतः गांधीजी सेगावला जाण्यापूर्वी १९३५ च्या सुमारास तेथेच राहत. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशा या विषयांबरोबर मगनवाडीत चुलीचाही अभ्यास झाला, आणि १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ नावाची मातीची, बंद बांधणीची, एका जाळावर एकाहून अधिक भांडी शिजविणारी व धुराडे असलेली चूल तयार झाली. मोठमोठ्या योजना आखल्या जात असण्याच्या त्या काळात विद्वान माणसांनी मातीत हात घालून बाईच्या चुलीचा विचार करावा, याचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी धूर नसलेल्या चुलीचा आपला नमुना बनविला आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. देशातील निर्धूर चुलींच्या कित्येक नमुन्यांचे मूळ या दोन चुलींत सापडते.

त्यानंतर वीसएक वर्षे हा विषय मागे पडला. रॉकेलचा स्टोव्ह आला, शहरांत गॅस आला, आणि लाकडाची चूल आपोआप जाईल असे सर्वांना वाटले. १९७३ मध्ये तेलाचे भाव एकाएकी वाढले तेव्हा हा भ्रम फिटला. त्याच वर्षी हिमालयात चिपको आंदोलन उभे राहिले. १९७५ मध्ये एरिक एकहोम या लेखकाने, गरिबांचे इंधनसंकट तेलाचे नसून लाकडाचे आहे, असे जगापुढे मांडले. दिल्लीत १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग निघाला आणि १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पक्क्या बसविलेल्या चुलीने किमान २० टक्के आणि उचलून नेता येणाऱ्या चुलीने किमान २५ टक्के उष्णता भांड्यात घातली पाहिजे, असा दंडक होता. किमतीचा मोठा वाटा सरकार देई, थोडा घरमालकाने द्यावयाचा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांमार्फत गावोगाव कारागीर शिकविले गेले आणि चुली बसू लागल्या. दोन दशकांत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या.

या कामातील महाराष्ट्राचा मोलाचा वाटा पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेचा. ‘आरती’ या नावाने ती ओळखली जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी सहकाऱ्यांसह ती १९९६ मध्ये स्थापन केली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते नातू आणि इरावतीबाई कर्वे यांचे पुत्र; आजोबांनी बायकांना शाळेत नेले, नातवाने त्यांच्या स्वयंपाकघरात लक्ष घातले, असे म्हटले तर चूक होणार नाही. या संस्थेची ‘लक्ष्मी’ चूल दोन भांड्यांची, धुराड्याची. तिचे विशेष असे की ती साच्यातून काढीत. हाताने घातलेली चूल प्रत्येक ठिकाणी वेगळी होते. कोठे तोंड बोटभर मोठे, कोठे मधला मार्ग अरुंद, आणि बोटभर फरकानेही तिचा गुण निघून जातो. साच्यामुळे शेकडो चुली एका मापाच्या झाल्या, आणि कुंभारांना व गावातील बायकांना एक धंदा मिळाला. याच संस्थेने उसाच्या वाया जाणाऱ्या पाचटापासून कोळशाच्या विटा करण्याची रीत बसविली, आणि त्यासाठी २००२ मध्ये तिला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

इतके सर्व होऊनही खेड्यापाड्यांतून कित्येक निर्धूर चुली दोन-तीन वर्षांत मोडल्या, आणि त्यांच्या जागी पुन्हा जुनी चूल आली. देशव्यापी पाहणीत १९९० च्या दशकाच्या मध्यास, बसविलेल्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास चुलीच वापरात आढळल्या. याचा दोष बायकांच्या अडाणीपणावर टाकण्याची पद्धत होती. ती अन्यायाची होती. कोकणपट्टीतील घराचा विचार केला तर कारणे सहज दिसतात. येथे छप्पर कौलांचे किंवा पेंढ्याचे. धुराडे वर काढावयाचे म्हणजे छपराला भोक पाडावयाचे, आणि ते भोक ज्येष्ठ-आषाढात चुलीवरच गळावयाचे. ज्या धुराला शास्त्रज्ञ शत्रू मानतात तोच धूर पेंढ्याला आणि वाशांना कीड लागू देत नाही, आणि चुलीवर टांगलेली फाटी व सुकी मासळी ओल धरू देत नाही. नव्या चुलीचे तोंड लहान. तिला ढलप्या लागतात, ओंडका चालत नाही. तेव्हा मोळी एक कमी झाली तरी कुऱ्हाड चालविण्याचे काम वाढले, आणि ते काम करणार कोण? तांदळाची भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर फुगवावयाची असते. तोंडाशी निखारा ओढण्यास जागा नसलेली चूल कितीही शास्त्रशुद्ध असली तरी ती भाकरीची चूल नव्हे. धुराड्यात काजळी साचते, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी ते झाडले नाही तर धूर उलटा घरात येतो. ते झाडावयाचे आहे हे बसविणारा सांगून जाई की नाही, हे त्याच्या मनावर. त्याला पैसे बसविलेल्या चुलींच्या संख्येवर मिळत, चालू राहिलेल्या चुलींवर नव्हेत.

आणखी एक गोष्ट होती, ती स्पष्ट लिहिली पाहिजे. घरातील पैसा पुरुषाच्या हाती आणि धूर बाईच्या डोळ्यांत. फुकट मिळणाऱ्या सरपणाच्या जागी विकतची चूल आणावयाची तर ज्याला पैसे द्यावयाचे त्याला त्रास नव्हता, आणि जिला त्रास होता तिच्या हाती पैसे नव्हते. शिवाय सरपण ‘फुकट’ म्हणावयाचे तेही बाईचे श्रम मोजले नाहीत म्हणूनच.

राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. पुढे ओडिशात अर्थशास्त्रज्ञांनी सुधारित चुली मिळालेल्या सुमारे २६०० घरांची वर्षानुवर्षे पाहणी केली. २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष बाहेर आले. पहिल्या वर्षी श्वासातील धूर कमी झाला, नंतर तो फरक नाहीसा झाला. चुलींची डागडुजी झाली नाही आणि त्यांचा वापरही कमी होत गेला. चुलीचे शास्त्र खोटे नव्हते. बसविल्यानंतर तिला विचारणारे कोणी राहिले नाही, हीच गोष्ट महाराष्ट्रातील गावांनी आधी पाहिली होती.

दुसरा प्रयोग पंखा लावलेल्या चुलीचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनावरून ‘ऊर्जा’ नावाची शेगडी २००६ च्या सुमारास बाजारात आली, आणि २००९ मध्ये तिचा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आला. शेतातील भुसा-पाचट दाबून केलेल्या कांड्या तिच्यात जळत. बारीक पंखा हवा देई आणि धूर जवळजवळ नसे. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून ती लाखो घरांत गेली. परंतु कांडीचा भाव वाढत गेला, ती वेळेवर मिळेना, आणि गावांनी शेगडी बाजूस ठेवली. कंपनी मग हॉटेले, उपाहारगृहे अशा मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली आणि तेथे तिचा जम बसला. यात नवल नाही. जेथे लाकूड विकत आणावे लागते आणि रोजचा खर्च वहीत लिहिला जातो, तेथे चूल सुधारण्याचा फायदा महिन्याच्या महिन्याला डोळ्यांसमोर दिसतो.

देवस्थानांच्या स्वयंपाकाला हेच लागू पडते. पंगत मोठी, भांडी मोठी, आणि सरपण विकत. उघड्या चरातील जाळ वाऱ्याने सैरावैरा जातो, आणि हंड्याच्या तळापेक्षा आचाऱ्याच्या पायांनाच अधिक भाजतो. राष्ट्रीय कार्यक्रमात शाळा व आश्रम यांच्यासाठी मोठ्या सामुदायिक चुलींचीही तरतूद होती: जाळी, विटांची बंदिस्त भिंत, हंड्याच्या बुडाच्या मापाचे तोंड आणि उंच धुराडे. घरगुती चुलीविरुद्ध जी गाऱ्हाणी होती त्यांतील बरीचशी येथे उरत नाहीत. भोक पाडावयास घराचे छप्पर नाही, भाकरी फुगवावयाची नाही, ओंडके फोडावयास गडी असतात, आणि धुराडे झाडण्याचे काम कोणा एकाकडे नेमून देता येते. शिर्डीच्या श्रीसाईबाबा संस्थानाने तर २००९ मध्ये प्रसादालयावर ७३ मोठ्या सूर्यतबकड्या बसवून सूर्याच्या उष्णतेने वाफ करून हजारो भक्तांचे अन्न शिजविण्यास आरंभ केला. एवढा खर्च लहान देवळाला झेपणारा नाही. वीट-मातीचे बंदिस्त चुलाण मात्र गवंडी आणि कुंभार मिळून घालू शकतात.

घरच्या चुलीचे काय झाले? २०११ च्या जनगणनेत देशातील जवळजवळ निम्मी घरे लाकडावरच शिजवीत होती. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि डोंगराकडेच्या पाड्यांतही गॅसची शेगडी पोचली. चहा, मुलांचे सकाळचे जेवण, पाहुणा आला की घाईची भाजी, एवढे तिच्यावर होऊ लागले. चार काड्या फुंकून डोळे लाल करण्याचा प्रसंग बराच कमी झाला. टाकी संपते आणि पुढची घेण्यास पैसे जमावयाचे असतात, तेव्हा पुन्हा चूल पेटते. वसईच्या पूर्वपट्ट्यात घराच्या मागल्या अंगणात तीन दगडांवर आंघोळीचे पाणी तापत असलेले सकाळी दिसते. आत ओट्यावर गॅस असतो, आणि बाहेर मोळीतले एक लाकूड जळत असते.